नेपाळमध्ये नोंद होते, आपल्याकडे समिती बसते: समलिंगी विवाह आणि शेजारचे कायदे

रानवारा (धागाकर्ती):

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं की नेपाळसारख्या छोट्या देशाने समलिंगी विवाह कायदेशीर केला आणि आपण अजून तिथेच आहोत, आणि त्याखाली लगेच दुसऱ्याने ठणकावून सांगितलं की नेपाळमध्ये असा कुठलाही कायदा झालेला नाही, व्हॉट्सॲपवरचं वाचून काहीही लिहू नका. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. तिथे कायदा झालेला नाही हे खरंय, आणि तिथे दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाची सरकारी दफ्तरात नोंद होते हेही खरंय. हे एकाच वेळी कसं काय, आणि आपल्याकडे त्याच वर्षी नेमकं उलटं का झालं, हे नीट लिहावंसं वाटलं म्हणून वेगळा धागा. लांबलाय, सवडीने वाचा.

नेपाळची गोष्ट २०२३ला सुरू होत नाही. डिसेंबर २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते सुनील बाबू पंत यांच्या याचिकेवर निकाल दिला. तेव्हा राजेशाही मोडीत निघत होती, माओवादी युद्ध नुकतंच संपलेलं, सगळा देशच नव्याने लिहायला घेतलेला. कोर्टाने सांगितलं की लैंगिक अल्पसंख्याक हे बाकीच्यांसारखेच नागरिक आहेत, त्यांच्याशी भेदभाव करणारे कायदे बदला, आणि समलिंगी विवाहाचा अभ्यास करायला समिती नेमा. पंत पुढच्याच वर्षी संविधान सभेत सदस्य म्हणून गेले. समितीने २०१५ मध्ये अहवाल दिला की हो, विवाहाचा हक्क द्यावा. त्याच वर्षी नवीन संविधान आलं, त्यात लैंगिक अल्पसंख्याकांचा उल्लेख थेट आहे, आपल्या संविधानात तसा शब्दांत नाहीये. एवढं सगळं झाल्यावर वाटेल की आता कायदा होणारच. तर नाही. २०१७ला जी नवी दिवाणी संहिता संमत झाली तिच्यात लग्नाची व्याख्या पुरुष आणि स्त्री यांच्यातलं अशीच ठेवली. म्हणजे संविधान एक म्हणतंय, संहिता दुसरं.

मग २७ जून २०२३ला न्यायमूर्ती तिल प्रसाद श्रेष्ठ यांनी अंतरिम आदेश दिला. याचिका अजून चालू आहे, अंतिम निकाल लागेल तेव्हा लागेल, पण तोपर्यंत अशा जोडप्यांच्या लग्नाची वेगळ्या दफ्तरात तात्पुरती नोंद करायची सोय करा. आदेश आला म्हणून लगेच नोंद झाली असंही नाही. एक जोडपं, २०१७ मध्येच देवळात लग्न केलेलं, आदेश घेऊन काठमांडूच्या जिल्हा न्यायालयात गेलं तर तिथे नकार. पाटणच्या उच्च न्यायालयातही नकार, कारण काय तर आदेश केंद्र सरकारला आहे, खालच्या कार्यालयांना नाही. शेवटी गृहखात्याकडून हालचाल झाली आणि २९ नोव्हेंबर २०२३ला दोर्दी गाउँपालिकेत त्यांची नोंद झाली. काठमांडूत नाही, पोखऱ्यात नाही, लमजुंगच्या डोंगरातल्या एका ग्रामीण पालिकेत! फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्दिया जिल्ह्यात दोन बायकांची झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये नोंदणी विभागाने देशभरच्या स्थानिक कार्यालयांना परिपत्रक काढलं.

आता आपल्याकडचं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाच्या मागणीवरच्या सुप्रियो खटल्याची सुनावणी पाच न्यायाधीशांपुढे सुरू झाली, दहा दिवस चालली, थेट प्रक्षेपण होतं त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. मागणी हिंदू विवाह कायद्यात हात घालायची नव्हती, धर्म न बघता नोंदणी विवाह करता येतो त्या १९५४च्या विशेष विवाह कायद्यात 'पुरुष' 'स्त्री'च्या जागी 'व्यक्ती' वाचा एवढी होती. सरकारने शपथपत्रात ही मागणी शहरी उच्चभ्रूंची म्हटली. १७ ऑक्टोबर २०२३ला निकाल आला. लग्न करायचा मूलभूत हक्क संविधानात नाही यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत. फरक पुढे होता. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले की लग्न नाही तरी नात्याला काही कायदेशीर मान्यता द्यायला हवी, दत्तकही घेता यायला हवं. न्या. भट, कोहली आणि नरसिंहा म्हणाले की तेही काम संसदेचं. तीन विरुद्ध दोन. मग अशा जोडप्यांना काय सोयी देता येतील ते बघायला कॅबिनेट सचिवांची समिती. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या.

माझं मत स्पष्ट सांगते. नेपाळची नोंद कच्ची आहे हे मान्य, पण मला आपल्या समितीपेक्षा ती कच्ची नोंदच जास्त मोलाची वाटते. कारण नोंद झाली की माणसाच्या हातात कागद येतो. तो कागद घेऊन तो बँकेत जातो, बँक नाही म्हणाली तर त्या नकारावर भांडता येतं. आपल्याकडे भांडायला हातात काहीच नाही, नकार देणाऱ्याने 'तुम्ही कायद्याने एकमेकांचे कोणीच नाही' एवढं म्हटलं की झालं.

तुम्हाला काय वाटतं? आणि इतर शेजारी देशांबद्दल कोणाला माहिती असेल तर लिहा.

घाटमाथा:

माहितीपूर्ण लेख, पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. मी कोणाच्या नात्याच्या विरोधात नाही, ज्याला ज्याच्यासोबत राहायचं त्याने राहावं, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम गेलं तेव्हा मला आनंदच झाला होता. पण लग्न ही समाजाने मिळून ठरवायची गोष्ट आहे आणि समाजाच्या वतीने ठरवणारी जागा संसद आहे, एक न्यायाधीश नाही. नेपाळमध्ये झालं काय, तर संहितेत स्पष्ट लिहिलेलं असताना एका न्यायमूर्तींनी तात्पुरता आदेश दिला. उद्या अंतिम निकाल उलटा लागला तर ज्यांनी नोंद केली त्यांचं काय? त्यांनी कर्ज काढलं असेल, घर घेतलं असेल, त्या नोंदीच्या भरवशावर. मला ही घाई त्या जोडप्यांवरच अन्याय करणारी वाटते.

रानवारा:

घाटमाथा, मुद्दा महत्त्वाचा आहे. नोंद टिकेल का याची भीती तिथल्या लोकांनाही आहेच. पण कोर्टाने तात्पुरती सोय करायची आणि संसदेने नंतर कायदा आणायचा हे आपल्याला काही नवीन नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल विशाखा निकालातली मार्गदर्शक तत्त्वं १९९७ची, कायदा आला २०१३ला. मधली सोळा वर्षं त्या तत्त्वांवरच बायकांनी तक्रारी केल्या. तेव्हा कोणी म्हटलं असतं की संसद करेल तेव्हा करेल, तोपर्यंत थांबा, तर किती जणींचं नुकसान झालं असतं?

आणि संसदेचं म्हणाल तर १ एप्रिल २०२२ला सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे जे होतं तेच झालं, चर्चेलाही आलं नाही. सुनावणी चालू असताना केंद्राने राज्यांना मत विचारलं तेव्हा राजस्थान, आसाम, आंध्र यांनी विरोध कळवला आणि आपल्या महाराष्ट्राने आणखी वेळ मागितला. विरोध तरी करायचा! किमान त्यावर बोलता आलं असतं.

पूर्वरंग:

बाकीच्या शेजाऱ्यांबद्दल मी लिहितो, हा माझा आवडीचा विषय आहे.

पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार या तिन्हीकडे ३७७ अजून आहे, आकडासुद्धा तोच. श्रीलंकेत आकडा वेगळा, ३६५ आणि ३६५-अ. हे सगळं १८६०च्या इंग्रजी दंडसंहितेचं पिल्लू. नेपाळ इंग्रजांच्या ताब्यात कधी गेलाच नाही, त्यांचा मुलुकी ऐन, म्हणजे देशाचा कायदेसंग्रह, १८५४चा, जंगबहादूर राणाच्या काळातला. त्यामुळे तिथल्या चळवळीला आधी वीस वर्षं ३७७शी झुंजावं लागलं नाही, ती थेट नागरिकत्व आणि हक्क यावर बोलू शकली. आपल्याकडे २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ बाजूला काढलं, २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने परत आणलं, २०१८ला परत काढलं. एवढी शक्ती 'आम्ही गुन्हेगार नाही' हे सिद्ध करण्यात गेली. लग्नाचा विषय कोर्टात येईपर्यंत लोक दमलेले होते असं मला वाटतं.

श्रीलंकेत मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे कलम रद्द करणारं विधेयक संविधानाच्या विरोधात नाही, म्हणजे संसदेचा रस्ता मोकळा, पण कायदा काही बदललेला नाही. पाकिस्तानात २०१८ला ट्रान्सजेंडर लोकांसाठी चांगला कायदा झाला होता, २०२३ला तिथल्या शरियत न्यायालयाने त्यातले महत्त्वाचे भाग रद्द ठरवले.

आणि भूतान! भूतानबद्दल कोणी बोलतच नाही. तिथे कोर्टात कोणीच गेलं नाही, अर्थमंत्र्यांनीच संसदेत सुचवलं की ही कलमं काढा, आणि डिसेंबर २०२०ला दोन्ही सभागृहांच्या ६९ पैकी ६३ जणांनी बाजूने मत दिलं. लग्नाचा हक्क अजून नाहीये, पण गुन्हा नाही हे संसदेने स्वतःहून ठरवलं. घाटमाथा यांना जी पद्धत हवी आहे ती या भागात प्रत्यक्ष एकाच देशाने वापरून दाखवली.

घाटमाथा:

पूर्वरंग, भूतानचं माहीत नव्हतं. धन्यवाद. माझं म्हणणं हेच आहे की तसं झालं तर ते टिकतं, कारण लोकांनी निवडून दिलेल्यांनी केलेलं असतं.

तिसरा_मजला:

इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितो क्वचित. मी आणि माझा जोडीदार ठाण्यात राहतो. फ्लॅट त्याच्या नावावर, हप्ते दोघांनी मिळून फेडले. माझे आईवडील दोघांनाही ओळखतात, दिवाळीला दोघांसाठी शर्ट आणतात, त्याच्या घरून मात्र कोणी बोलत नाही.

धागाकर्तीने कागदाबद्दल लिहिलं ते मला आतून पटलं म्हणून लिहितोय. मागे त्याला अपघात झाला, डोक्याला मार. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही कोणाची असं काउंटरवर विचारलं, मी म्हटलं माझी, तर नातं काय. मी मित्र लिहिलं. त्या बाई म्हणाल्या मित्र चालत नाही, रक्ताचं कोणी बोलवा. त्याच्या भावाला फोन केला, ज्याने कितीतरी वर्षं तोंड पाहिलं नव्हतं तो माणूस सातारहून निघाला आणि त्याने येऊन सही केली. तोपर्यंत डॉक्टरांनी तातडीचं म्हणून जे करायचं ते सुरू केलं होतं, त्यांचे उपकार आहेत. पण त्या रात्री जो नऊ-दहा वर्षांत एकदाही घरी आला नाही तो नातेवाईक आणि मी बाहेरचा. भावाशी माझं भांडण नाही, तो आला हेच खूप. पण कायद्याने त्याला जो अधिकार दिला तो मला का नाही याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

त्यामुळे नेपाळचा तात्पुरता कागद उद्या टिकेल का नाही हा प्रश्न ज्यांच्याकडे आधीच पक्का कागद आहे त्यांना पडतो. आम्हाला तात्पुरताही चालेल. खरंच चालेल.

निशिगंध:

तिसरा_मजला, वाचून गलबलून आलं. तुम्ही दोघं बरे आहात ना आता?

तिसरा_मजला:

हो ताई, तो ठणठणीत आहे. धन्यवाद विचारल्याबद्दल.

कलम_आणि_शाई:

मी दिवाणी वकिली करते, मुंबईत. तिसरा_मजला आणि त्यांच्यासारखे अजून कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी थोडं कामाचं लिहिते.

आधी समितीने काय केलं ते बघू. २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केंद्राने काही खुलासे काढले. रेशनकार्डासाठी असे जोडीदार एकाच घरातले धरायचे, बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला मनाई नाही, आणि आरोग्य खात्याने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. वाचायला बरं वाटतं. पण नॉमिनी करायला मनाई आधीही नव्हती, आणि शेवटच्या मुद्द्यात 'नातेवाईक नसतील तर' हे शब्द बघा. म्हणजे ज्यांनी घराबाहेर काढलं ते आले की जोडीदार परत बाजूला.

आता लोकांचा सर्वात मोठा गैरसमज. नॉमिनी म्हणजे मालक नाही. नॉमिनी फक्त रक्कम किंवा वस्तू ताब्यात घेतो, मालकी वारसाकडे जाते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत हे पुन्हा स्पष्ट केलं, शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर, खटला आपल्या मुंबई उच्च न्यायालयातूनच वर गेलेला. सोसायटीच्या फ्लॅटचंही तसंच, महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेतात, कायमचं हस्तांतरण मृत्युपत्र किंवा वारसाच्या कागदांवरच. आणि अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिली वारस आई. आई नसेल तर वडील, मग भाऊ-बहिणी. ज्याने निम्मे हप्ते भरले तो यादीत कुठेच नाही.

म्हणून मृत्युपत्र करा. आजच. तरुण आहात, घाई काय, असं म्हणू नका.

मुखत्यारपत्रावर विसंबू नका. लोक म्हणतात आम्ही एकमेकांना पॉवर ऑफ ॲटर्नी दिलीय, आता काळजी नाही. देणारा गेला किंवा त्याची बुद्धी काम करेनाशी झाली की ती संपते, म्हणजे ज्या रात्री हॉस्पिटलात लागणार नेमकी त्याच वेळी कामाची नाही. मरणासन्न अवस्थेतल्या उपचारांबद्दल आधी लिहून ठेवायची सोय २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने दिली आणि २०२३च्या जानेवारीत ती सोपी केली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते, निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावं त्यात घालता येतात. ते जरूर करा.

अजून एक, पैशांचं. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम भेट दिली तरी बायकोला त्यावर प्राप्तिकर नाही, कारण ती कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक आहे. तुम्ही जोडीदाराला वर्षाला ५०,०००च्या वर दिले तर ते त्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. याला एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय, २०२५ मध्ये कोर्टाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. माझी या खटल्यावर खूप आशा आहे, कारण यात लग्न मागितलेलंच नाही, फक्त कर सारखा लावा एवढंच मागितलंय.

रानवारा:

कलम_आणि_शाई, प्रतिसाद सोन्यासारखा आहे, साठवून ठेवतेय.

तुमच्या शेवटच्या मुद्द्यावरून आठवलं. दोर्दीला ज्यांची पहिली नोंद झाली त्या जोडप्यातली एक व्यक्ती ट्रान्स स्त्री आहे, पण नागरिकत्वाच्या कागदावर पुरुष. म्हणून ती नोंद दोन पुरुषांची झाली आणि समलिंगी विवाहाची पहिली नोंद म्हणून जगभर बातमी आली. हेच जोडपं भारतात असतं तर? २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अरुणकुमार निकालात सांगितलं की हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू' मध्ये ट्रान्स स्त्री येते, तुतीकोरीनच्या जोडप्याचं लग्न नोंदवा. आणि सुप्रियो निकालात पाचही न्यायाधीशांनी मान्य केलं की ट्रान्स व्यक्तीला आहे त्याच कायद्यांखाली विरुद्धलिंगी जोडीदाराशी लग्न करता येतं. म्हणजे या एका जोडप्यापुरतं बघितलं तर भारतातला हक्क जास्त पक्का, नवरा-बायको म्हणून, तात्पुरता शिक्का नसलेला. आणि बर्दियाच्या त्या दोन बायका भारतात असत्या तर त्यांना काहीच मिळालं नसतं. म्हणून कोण पुढे कोण मागे असं सरळ मोजता येत नाही.

सावली_२१:

मी वेगळ्या बाजूने लिहिते. माझं लग्न रीतसर पत्रिका बघून, कांदेपोहे होऊन झालं. तो मुलगा गे होता. त्याच्या आईला माहीत होतं, लग्न लावून दिलं की मार्गी लागेल असं तिला वाटलं. तो वाईट नव्हता, माझ्याशी कधी मोठ्याने बोलला नाही, पण मी त्या घरात काय होते ते मला कधी कळलंच नाही. घटस्फोट झाला तेव्हा सगळे मलाच विचारत होते की एवढ्या चांगल्या मुलाला का सोडलंस.

ज्यांना वाटतं की समलिंगी विवाह हा फक्त त्या दोघांचा प्रश्न आहे त्यांनी माझ्यासारख्यांचा विचार करा. त्याला त्याच्या माणसाशी लग्न करता आलं असतं तर माझ्याशी करावं लागलं नसतं. कायदा आला की दुसऱ्या दिवशी आया बदलणार नाहीत हे मला माहितीय. पण लग्न हेच हवं असेल तर तेही करता येईल एवढं तरी तो आईला सांगू शकला असता.

घाटमाथा:

सावली_२१, हा विचार मी कधी केला नव्हता. संसदेबद्दलचं माझं मत तेच आहे, पण संसदेने उशीर केला की त्याची किंमत कोण भरतं हे तुमच्या प्रतिसादातून दिसलं.

मांडवीतीर:

गोंयकार इथे. आमच्याकडे लग्नाची नागरी नोंदणी सगळ्यांनाच सक्तीची, हिंदू असो ख्रिस्ती असो मुसलमान असो, अजून पोर्तुगीज काळातला कायदा चालतो. त्यामुळे लग्न म्हणजे मुळात सरकारी करार हे आमच्या अंगवळणी पडलेलं. पण १९१०च्या त्या कायद्यात पहिल्याच कलमात लिहिलंय की लग्न हा भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमधला करार. खुद्द पोर्तुगालने २०१० मध्ये समलिंगी विवाह मान्य केला, २०१६ पासून दत्तकही. पण १९६१ नंतर तिथे झालेला बदल इथे लागू होत नाही, २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच की आमचा कायदा आता भारतीय कायदा म्हणूनच चालतो. म्हणजे ज्या देशाने तो कायदा आणला तो सोडून पुढे गेला आणि आम्ही त्याचं शंभर वर्षांपूर्वीचं वाक्य धरून बसलोय. पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला गेलेले आमचे कितीतरी लोक आहेत, तिथे त्यांना जे करता येतं ते मडगावला नाही.

शुभदा_आई:

मला कायद्यातलं फार कळत नाही. माझा मुलगा बंगळुरूला असतो, त्याने मागच्या वर्षी आम्हाला सांगितलं. यांना वेळ लागला, पण आता बोलतात. दोघं मुलं म्हणताहेत की बँकॉकला जाऊन लग्न करू, नाहीतर नेपाळला. मला आनंदच आहे, पण परत आल्यावर त्या लग्नाला इथे काही किंमत असेल का? घरच्या घरी छोटी पूजा करून चार माणसं जेवायला बोलवावी असंही मनात आहे, त्याला काही कायदेशीर अडचण येईल का?

चाओ_फ्राया:

शुभदाताई, मी बँकॉकला नोकरीला आहे म्हणून सांगतो. अंदमानच्या पलीकडचा समुद्र धरला तर थायलंडही आपला शेजारीच, आणि नेपाळसारखं तात्पुरतं नाही, यांनी दिवाणी संहिताच बदलली. मार्च २०२४ला खालच्या सभागृहात ४०० विरुद्ध १०, जूनमध्ये सिनेटमध्ये १३० विरुद्ध ४, आणि २३ जानेवारी २०२५ पासून अंमल. वारसा, दत्तक, उपचारांची संमती सगळं आलं त्यात. त्या दिवशी जिल्हा कार्यालयांबाहेर रांगा होत्या, मी मुद्दाम बघायला गेलो होतो, पासष्टीच्या दोन आज्या एकसारखे कपडे घालून आल्या होत्या. परदेशी लोकांनाही नोंदणी करता येते, पण आपापल्या दूतावासाचा अविवाहित असल्याचा कागद लागतो.

कलम_आणि_शाई:

शुभदाताई, मनापासून अभिनंदन तुमचं आणि तुमच्या यजमानांचंही.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं. पूजा करा, जेवण करा, चार नाही चाळीस माणसं बोलवा, कुठलीही कायदेशीर अडचण नाही. दोन सज्ञान माणसांनी एकत्र राहणं गुन्हा नाही आणि घरचा समारंभही नाही. त्रास देणारं कोणी असेल तर पोलीस संरक्षण मागता येतं, सुप्रियो निकालातही छळ होऊ नये म्हणून बजावलंय, आणि मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर स्पष्ट म्हटलं की कुटुंब व्हायला लग्न हाच एकमेव मार्ग नाही, निवडलेलं कुटुंबही कुटुंबच. एका मुलीला तिच्या घरच्यांनी डांबून ठेवलं होतं, तिच्या जोडीदारीणीच्या याचिकेवरचा तो निकाल.

परदेशातल्या लग्नाचं मात्र, आज इथे त्याला कायद्याने किंमत नाही. ते सर्टिफिकेट दाखवून इथे वारसा मिळणार नाही, बायको-नवरा म्हणून विमा मिळणार नाही. त्यांना पुढे परदेशात नोकरी करायची असेल तर जिथे समलिंगी विवाह मान्य आहे अशा देशात व्हिसासाठी तो कागद खूप उपयोगी पडू शकतो, तेवढ्यासाठी थायलंडचा कागद नेपाळच्यापेक्षा पक्का. मुलं दत्तक घेण्याचं मनात असेल तर जोडपं म्हणून आपल्याकडे घेता येत नाही, एकट्याने घेता येतं, पण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही आणि कागदावर पालक एकच राहतो.

तिसरा_मजला:

कलम_आणि_शाई, मृत्युपत्राबद्दल एक विचारायचं होतं. फ्लॅट त्याच्या नावावर आहे, त्याने स्वतः घेतलेला. त्याच्या भावाने नंतर हरकत घेतली तर? आणि स्टँप पेपरवर करायचं का साध्या कागदावर चालतं?

कलम_आणि_शाई:

साधा कागद चालतो, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही पण तुमच्या बाबतीत मी करायलाच सांगेन, दुय्यम निबंधकाकडे. स्वतः कमावलेली मिळकत तो कोणालाही देऊ शकतो, भावाला कारण सांगायची गरज नाही, तरी मजकुरात एक परिच्छेद घाला की आम्ही इतकी वर्षं एकत्र राहतो, हप्ते दोघांनी भरले, म्हणून हे मी समजून उमजून देतोय. हप्त्यांचे बँक स्टेटमेंट जपून ठेवा. साक्षीदार दोन, दोघंही तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि सहज सापडतील असे, तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या की तो शुद्धीत आणि सक्षम आहे, डोक्याला मार लागून गेलेला असल्यामुळे हे विसरू नका, हरकत घेणारा पहिला मुद्दा तोच काढेल. आणि तुमचंही मृत्युपत्र त्याच दिवशी करून टाका.

तिसरा_मजला:

करतो. पुढच्या आठवड्यात दोघं सुट्टी टाकतोय.